अळूचं पाण्यातलं गणगोत

घरात फिशटँक कुठे ठेवायचा हे मालक ठरवत नाही, आणि मासे तर नाहीच नाही. ते प्लगपॉइंट ठरवतो. मुंबईच्या दोन खोल्यांत रिकामी भिंत आणि रिकामा प्लगपॉइंट एकाच जागी सापडणं हा दुर्मीळ योग. तो जिथे जुळून येतो तो कोपरा हमखास इतका अंधारा असतो, की भर दुपारीसुद्धा तिथे दिवा लावल्याशिवाय चपलेला चप्पल सापडत नाही. वास्तुशास्त्रवाल्यांचं म्हणणं, पाणी ईशान्येला हवं. आमच्या इमारतीत ईशान्येला लिफ्ट आहे.

त्यातून शेजारची जुनी तीन मजली इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि तिच्या जागी मान वर करून मजले मोजावेत असा टॉवर उभा राहिला. आमच्या पहिल्या मजल्याच्या वाट्याला येणाऱ्या उजेडाचा एफएसआय त्या लोकांनी कधी वापरला, ते आम्हाला कळलंही नाही. तेव्हापासून आमच्या घरात सकाळ होते ती घड्याळात.

अशा घरात पाण्याखाली झाडं लावायची म्हटली, की जो तो हसतो. ‘इथे तुळस जगत नाही, आणि तुम्ही पाण्यात झाडं लावणार?’ प्रश्न वरकरणी बिनतोड आहे. पण तुळस ही उन्हात वाढणारी, आणि पाण्यात राहणाऱ्या काही मंडळींनी ऊन म्हणून कधी पाहिलेलंच नाही. घनदाट रानातला ओढा, वर झाडांचं छत, खाली तपकिरी पाणी, त्यात एका दगडाला धरून बसायचं आणि जे काही झिरपून खाली येईल त्यावर पिढ्यानपिढ्या काढायच्या, असा त्यांचा खाक्या. आमच्या हॉलमध्ये येऊन त्यांना काही कमी पडलं असं वाटण्याचं कारण नाही.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे फार खोटं बोलतात. उन्हात साधारण १ लाख लक्स प्रकाश असतो आणि खिडकीपासून जरा आत, सोफ्यावर, २००-३०० लक्स मिळाले तरी पुष्कळ. पण बाहुली मोठी होते, डोळा चालवून घेतो आणि आपण पाहुण्यांना सांगतो, ‘तसा उजेड भरपूर आहे हो आमच्याकडे.’ झाडाला अशी मनाची समजूत घालता येत नाही. श्वासात जेवढं खर्च होतं तेवढं तरी त्याला उजेडात कमवावंच लागतं, नाहीतर ते हळूहळू स्वतःलाच खात संपतं. कमी उजेडात जगणारी झाडं जास्त कमवतात असं नाही. त्यांचा खर्चच कमी असतो. म्हणून ती वाढतातही कमी, आणि इथेच माणसांची आणि त्यांची फारकत होते.

तरीही टँक खिडकीत ठेवू नये, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण ‘जरा ऊन लागू दे’ म्हणणारं एक तरी वडीलधारं घरात असतंच. खिडकीतलं ऊन आपल्या हातात नसतं. मे महिन्यात त्यानं पाण्याचं वरण होतं आणि बाराही महिने काचेवर शेवाळ. अंधारा कोपरा आणि वर एक साधा पांढरा एलईडी, साडेसहा हजार केल्व्हिनच्या आसपासचा, दिवसाला सहा ते आठ तास, ही उत्तम व्यवस्था. म्हणजे प्लगपॉइंटनं नकळत बरोबरच ठरवलेलं असतं.

हे सहा ते आठ तास पाळायला टायमर लावतात. पण टायमर घरातल्या माणसांना ओळखत नाही. आमची आई दुपारी उठते, टँकचा दिवा चालू बघते आणि ‘दिवसाढवळ्या लाइट कशाला जाळताय’ म्हणत बटण बंद करते. संध्याकाळी दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावलं की तोच दिवा पुन्हा चालू करते, कारण तिन्हीसांजेला घरात कुठे अंधार असू नये. रात्री मुलीला तो निळा हवा असतो. आता दुकानातून टँकबरोबर जो दिवा फुकट मिळतो त्याला रिमोट असतो, आणि रिमोटवर एवढे रंग असतात की गणेशोत्सवाच्या मंडळानं हेवा करावा. गुलाबी लावला की मासे नवरदेवासारखे दिसतात. झाडं कशीही दिसत नाहीत, कारण थोड्याच दिवसांत ती नसतात.

या सगळ्या छंदाला जो भपका आला तो ताकाशी अमानो या जपानी माणसामुळे. जन्म १९५४ चा, नीगाताचा. आधी व्यावसायिक सायकल शर्यती मारायचा. पुढे छायाचित्रकार झाला आणि १९८२ मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली. काचेच्या पेटीत त्यानं डोंगर, कुरणं, दऱ्या उभ्या केल्या, त्याही जिवंत. २०१५ साली, म्हणजे तो गेला त्याच वर्षी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्याचा ४० मीटर लांबीचा टँक उघडला. त्याचे व्हिडिओ रात्री अकरा वाजता बघावेत आणि सकाळी थेट कुर्ला गाठावं, असं पुष्कळांचं होतं. कुर्ल्याला शोभेच्या माशांचा बाजार आहे आणि क्रॉफर्ड मार्केटला दुकानांची रांग. तिथे पोचल्यावर माणूस बोट दाखवतो ते नेमकं लालभडक झाडाकडे.

लाल झाड म्हणजे खर्च, कारण त्याला लाइट जास्त लागतो. फिशटँकमध्ये लाइट म्हणजे लग्नाचा मुहूर्त. तो एकदा काढला की हॉल, केटरर, भटजी, बँडवाले सगळे त्याच तारखेला हजर पाहिजेत. लाइट वाढवला की झाडं कार्बन डायऑक्साइड मागतात, मग नायट्रेट, पोटॅश, लोह. यातलं कोणी वेळेवर पोचलं नाही तर मांडवात शिरतं ते न बोलावलेलं शेवाळ, आणि ते जेवून जात नाही, मुक्कामाला राहतं. म्हणून अमानोच्या टँकशेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, ‘स्वयंपाकाचा सिलिंडर संपून चार दिवस झालेत. तो आधी येईल की हा?’

मुहूर्तच लांबणीवर टाकायचा, हा कमी उजेडाच्या झाडांचा सगळा महिमा. लाइट कमी, तर मागण्याही कमी. मासे श्वास सोडतात आणि बाकीचंही सोडतात, तेवढ्यावर यांचं भागतं.

पण दुकानात हे मागायचं कसं? ‘कमी उजेडातली झाडं आहेत का?’ असं विचारलं, की दुकानदार टँककडे न बघता म्हणतो, ‘सब चलता है साब.’ ‘ये?’ ‘चलता है.’ ‘और ये?’ ‘ये तो दौडता है.’ तुमचं घर त्यानं पाहिलेलं नसतं, पण त्याचा आत्मविश्वास वाखाणण्याजोगा. त्याच्या हौदात बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळलेल्या जुड्या उभ्या असतात, कोथिंबिरीच्या असाव्यात तशा. त्यांतल्या काही चक्क जमिनीवरच्या झाडांच्या असतात. लकी बांबू हा त्यांचा मुकुटमणी. तो बांबू नव्हे, ड्रॅसिना, आणि लकीही नव्हे, निदान पाण्यात पूर्ण बुडवला तर नव्हेच. पाय ओले आणि डोकं कोरडं असेपर्यंत तो मजेत असतो. डोक्यावरून पाणी गेलं की महिना-दोन महिने तो तग धरून असतो आणि मग एके दिवशी पाण्याला वास यायला लागतो. जुडी पाण्याबाहेर काढून धरावी. अंगात त्राण नसल्यासारखी लोळागोळा झाली तर बहुधा ती पाण्यातलीच, ताठ उभी राहिली तर संशय घ्यावा. या नियमाला एक सणसणीत अपवाद आहे, आणि तोच आपल्या कामाचा आहे.

तो म्हणजे ॲन्युबियस. आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागातल्या ओढ्यांकाठचं झाड. पानं जाड, गडद, तुकतुकीत. आणि जातकुळी कुठली म्हणाल, तर अळूची. आपलं अळू, सुरण, घरोघरच्या बाटलीतला मनी प्लँट आणि हे ॲन्युबियस, सगळे एकाच ॲरेसी कुळातले. श्रीलंकेहून आलेली क्रिप्टोकोरीन, बोर्निओतली महागडी बुसेफलँड्रा, हीही त्याच घराण्यातली चुलत-मावस मंडळी. हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं. दुकानात तोंड वेंगाडून म्हणावी लागणारी ती लॅटिन नावं, आणि मूळचं गोत आमच्या कोकणातल्या परसातलं! मोरीच्या पाण्यावर, घराच्या सावलीत, कुणी लक्ष दिलं नाही तरी फोफावणारं अळू ज्यानं पाहिलंय त्याला कमी उजेडाच्या झाडांबद्दल वेगळं शिकवावं लागत नाही. आईला हे सांगितल्यावर तिनं टँकपाशी जाऊन, चष्मा सारखा करून ती पानं न्याहाळली. ‘याचं फतफतं होईल का रे?’

होणार नाही, किंवा झालं तरी खाववणार नाही. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात, घशाला खाजतात, म्हणून आपण चिंच नाहीतर आमसूल घालतो. हा खाजरेपणा कुळाचा आहे, तो ॲन्युबियसकडेही आलाय. म्हणूनच गोल्डफिशसारखा मासा, जो दिसेल त्या कोवळ्या पानाची कोशिंबीर करतो, तो ॲन्युबियसला तोंड लावून बहुधा सोडून देतो. गोल्डफिशला चिंच मिळत नाही.

ॲन्युबियसची एकच अट. त्याला आलं-हळदीला असतं तसं आडवं खोड असतं आणि ते मातीत पुरलेलं त्याला खपत नाही, कुजतं. ते दगडाला किंवा लाकडाच्या ओंडक्याला बांधायचं, दोऱ्यानं. दोरा नको असेल तर फेविक्विकनं चिकटवायचं. हो, फेविक्विकनं. खोडाला थेंबभर, दगडाला टेकवायचं, दहा सेकंद दाबून धरायचं, पाण्यात सोडायचं. त्या जागी पांढरा डाग पडतो, पण माशांना आणि झाडाला काही होत नाही. बघणाऱ्याला होतं. माझ्या एका मामेभावानं हे बघितलं आणि तो बराच वेळ गप्प बसला. झाड म्हणजे माती, पाणी, ऊन, रोज घालायचं खत, असा त्याचा समज. जिवंत झाड दगडाला फेविक्विकनं चिकटवणाऱ्या घरात मुलांना काय वाढवत असतील, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता.

एकदा चिकटलं की ॲन्युबियस तीन-चार आठवड्यांनी एक पान काढतं. या गतीनं आपल्याकडे फक्त कोर्टकचेऱ्या चालतात. पान आधी गुंडाळीतून पिवळसर डोकावतं, मग दिवसेंदिवस तसंच राहतं, आणि आपण नाद सोडला की उलगडतं. कधीमधी पाण्याखालीच एक छोटं पांढरट फूल येतं, अळूच्या फुलाची बुटकी आवृत्ती. पान एवढं जुनं होतं म्हटल्यावर त्यावर शेवाळ चढायला वेळही भरपूर मिळतो. त्यामुळे टँकमधला सर्वांत अंधारा कोपरा ॲन्युबियसला द्यावा. अंधाऱ्या घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातला अंधारा कोपरा. ते तक्रार करत नाही.

जावा फर्नही असंच ओंडक्यावर बसणारं. पण ते अळूच्या गोतातलं नाही, नेच्यांतलं, म्हणजे फुलं येणाऱ्या झाडांपेक्षा जुन्या घराण्यातलं. त्याच्या पानांच्या मागच्या बाजूला काळपट तपकिरी ठिपक्यांच्या रांगा येतात. ते बघून निम्मी मंडळी ‘रोग पडला’ म्हणून पानं कापून टाकतात आणि उरलेली औषधाची बाटली आणतात. ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पुड्या, झाड खुशीत असल्याची खूण. काही दिवसांनी पानाच्या टोकावरच पिल्लू फुटतं, मुळ्यांसकट, आणि आयतं कापून शेजाऱ्याला देता येतं. शेजाऱ्याकडे टँक नसला तर तो आधी त्याला घ्यायला लावावा लागतो. हा छंद असाच पसरतो.

क्रिप्टोकोरीनचा मात्र स्वभाव जपावा लागतो. तिला खाली वाळू-माती हवी, मुळं पसरायला आणि खायला. दुकानात मिळणारी निळी-गुलाबी खडी, आणि तिच्यावर प्लास्टिकचा पाणबुडा, तोंड उघडणारी पेटी आणि कवटी, हे तिला मानवत नाही. (कवटी कोणाला मानवते, हे मला आजवर कळलेलं नाही, पण खपते मात्र पुष्कळ.) तिची जागा बदलली, पाणी बदललं, की ती रुसते. रुसते म्हणजे पानं अक्षरशः विरघळतात, शेंबडासारखी लिबलिबीत होऊन. दुसऱ्या दिवशी टँकमध्ये नुसते देठ. घरातलं जबाबदार माणूस ते उपटून कचऱ्यात टाकतं. खरं तर खालची मुळं ठणठणीत असतात, आणि दोन-चार आठवडे कोणी हात लावला नाही तर नवी पानं येतात, नव्या पाण्याला साजेशी. तो हात न लावणंच माणसाला जमत नाही. रोज एकदा हलवून ‘रुजली का?’ बघणाऱ्यांनी जेवढ्या क्रिप्ट मारल्या असतील, तेवढ्या अंधारानं मारल्या नसतील.

गंमत म्हणजे या क्रिप्टचे सख्खे भाऊबंद आपल्याच सह्याद्रीत आहेत. क्रिप्टोकोरीन स्पायरालिस, क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरालिस या जाती पश्चिम घाटातल्या ओढ्या-नद्यांत उभ्या असतात, पावसात पाण्याखाली, उन्हाळ्यात उघड्यावर. आपण मात्र कुर्ल्याहून श्रीलंकेची क्रिप्टोकोरीन व्हेंटाय कुंडीसकट घेऊन येतो. तरी तेच बरं. ओढ्यातून उपटून आणायची हौस कोणाला आली तर ती दाबून टाकावी. घाटात अगोदरच रिसॉर्टवाल्यांनी काय काय उपटलंय.

यांहून थोडा अधिक उजेड मागणारी पण पडतं घेणारी म्हणजे व्हॅलिस्नेरिया, लांब फितीच्या पानांची. हिचा मान मोठा. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवली. झाड प्राणवायू देतं, मासा झाडाचं खत बनवतो, छान जमलं. मग पिकली पानं कुजून पाणी बिघडू लागलं, तेव्हा त्यानं ती खायला गोगलगायी सोडल्या. आजही दुकानातून झाड आणलं की गोगलगायी बरोबर फुकट येतात, वॉरिंग्टनच्या पद्धतीनंच, फक्त न विचारता.

आणि हायड्रिला! शाळेत चंचुपात्रात उलटं नरसाळं, त्याखाली हायड्रिला, वर परीक्षानळी, चिमूटभर खाण्याचा सोडा, आणि ‘बुडबुडे दिसले का?’ विचारणाऱ्या बाई. बुडबुडे एकालाही दिसलेले नसायचे, वहीत मात्र सगळ्यांचे यायचे. आपल्या तळ्यांत पडीक असलेलं हे झाड अत्यंत कमी उजेडात जगतं, इतकं की १९५० च्या दशकात शोभेच्या झाडांच्या व्यापारातून ते अमेरिकेत फ्लोरिडाला गेलं आणि तिथली तळी-कालवे त्यानं गिळून टाकले. ते काढायला तिथलं सरकार आजही पैसे ओततंय. आपल्या मातीतल्या कोणी परदेशात एवढं नाव काढावं आणि आपल्याकडे त्याचा कुठेही सत्कार होऊ नये, हे मला खटकतं. टँकमधलं जास्तीचं झाड तळ्यात किंवा नाल्यात टाकू नये, ही सूचना मात्र फ्लोरिडाइतकीच पवईलाही लागू.

ही सगळी मंडळी बसली, स्थिरावली, की एक नवीच अडचण उभी राहते. ती जिवंत आहेत यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पाहुणे ॲन्युबियसकडे बघून म्हणतात, ‘प्लास्टिकचं छान मिळतं हल्ली, अगदी खऱ्यासारखं.’ चूक त्यांची नाही. गेल्या दिवाळीला पाहिलं तसंच ते या दिवाळीला दिसतं. याउलट वरच्या मजल्यावरच्या काकांच्या टँकमध्ये सगळी झाडं प्लास्टिकची, पण त्यांवर हिरवं, मखमली शेवाळ असं काही चढलंय, पाण्याबरोबर असं काही लवलवतं, की लोक त्यांना विचारतात, ‘खत कुठलं घालता?’ काका सांगतातही. आम्ही विचारलं की नुसते हसतात.

आमच्या टँकचं खत मात्र खरं आहे. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, आणि माशांनी नायट्रेटनं भरलेलं ते पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना जातं. ग्रिलमधल्या एका कुंडीत आईनं अळू लावलंय. टॉवरच्या सावलीत, टँकच्या पाण्यावर ते एवढं माजलंय की पानं ग्रिलबाहेर झुकून खालच्या दुकानाची पाटी झाकतात. श्रावणात त्याच्या वड्या झाल्या, तेव्हा वरचे काका-काकू बशीभर वड्या खायला आले होते.

‘अळू बाजारचं वाटत नाही,’ काका तिसरी वडी उचलत म्हणाले.

‘घरचंच,’ आई म्हणाली. ‘माशांच्या पाण्यावर वाढलंय.’

वडी काकांच्या ओठांपाशी थांबली. ‘माशांच्या? अहो वहिनी, श्रावण चालू आहे!’

‘मासे जिवंत आहेत ना अजून? मग झालं तर,’ काकू म्हणाल्या आणि त्यांनी काकांच्या हातातली वडी काढून स्वतःच्या बशीत घेतली.